हनीफभाईंच्या कानातला कापूस

रॉक संगीताच्या मोठ्या कार्यक्रमात फोटोग्राफरांना स्टेजच्या अगदी पुढ्यात सोडतात, पण फक्त पहिल्या तीन गाण्यांपुरतं. चौथं सुरू झालं की बाहेर. त्यामुळे पहिला सूर निघायचा अवकाश, सगळे कॅमेरे घेऊन तुटून पडतात. हनीफभाई पिंजारी मात्र पहिल्या गाण्याला कॅमेऱ्याला हातही लावत नसत. ते शर्टाच्या खिशातून फिल्मच्या रोलची जुनी काळी डबी काढत, तिच्यातले कापसाचे दोन बोळे दोन्ही कानांत घालत, डावा तळहात स्टेजच्या फळीवर टेकवत आणि डोळे मिटून उभे राहत. पुण्यात एकदा शेजारच्या पोरसवदा फोटोग्राफरनं मला विचारलं, "काकांना चक्कर आलीय का?" मी म्हटलं, "नाही रे. काका कामाला लागलेत."

उरलेल्या दोन गाण्यांत हा माणूस जे काही काढायचा, ते बघून त्या क्षेत्रातले भले भले गप्प बसायचे. मी त्यांची बॅग धरून त्यांच्या शेजारी उभा राहिलोय, त्यांच्याच बाजूनं त्याच स्टेजकडे बघितलंय, आणि तरी फोटोत जे होतं ते मला तिथं दिसलं नव्हतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

मी जळगावला पिंप्राळ्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. केळीवाल्यांच्या मोटारी जळतात म्हणून माझं बरं चाललंय. त्याआधी धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात असताना, मी एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचो. बँड कसा होता ते विचारू नका. धुळ्यात तेव्हा दुसरा नव्हता, एवढंच त्याचं मोठेपण. गॅदरिंगला पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो काढायला देवपूरच्याच एका स्टुडिओतून हनीफभाई आले होते. सडसडीत अंग, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोन कॅमेरे. आम्ही वाजवायला लागलो आणि हा माणूस फोटो काढायचंच विसरला. गाणं संपल्यावर थेट स्टेजवर चढून माझ्यापुढे उभा.

"भाऊ, ती जाडी तार परत वाजवा."

मी वाजवली.

"परत."

असं बराच वेळ चाललं. मागून प्राचार्य हातवारे करत होते. शेवटी हनीफभाई म्हणाले, "अरे, हे तर आमच्या अब्बांचं पिंजण आहे! तुम्ही लोकांनी त्याला विजेवर लावलंय."

पुढच्याच रविवारी ते मला गिटारीसकट एसटीत घालून जळगावला घेऊन गेले. त्यांचे वडील, गनीचाचा, कापूस पिंजायचे. मूळचे धुळ्याकडचे, म्हणून बोलणं सगळं अहिराणी. माणसाच्या उंचीचं धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर टाकून ते जळगावजवळच्या असोद्यापासून गावोगाव फिरत. लोकांच्या गाद्या उसवायच्या, दबलेला कापूस पिंजणाच्या ताणलेल्या दोरीनं, तातीनं, फुलवायचा आणि पुन्हा भरून द्यायचा, हा धंदा. चाचांनी आमच्यापुढे पिंजण टांगलं आणि लाकडी ठोकळ्यानं तातीवर एक ठोका दिला. आवाज थेट माझ्या जाड्या तारेचा. मग मी गिटार वाजवली. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं शे. पन तुनी तार ढिली शे, भाऊ." ती खरोखरच उतरलेली होती.

हनीफभाईंचं सगळं शिक्षण त्या पिंजणापुढे झालेलं. लहानपणी ते अब्बांसमोर बसून कापूस पुढे सारायचे. ठोका पडायच्या आत हात मागे घेतला नाही, तर बोटं गेलीच. "ठोका कधी येणार ते हाताकडे बघून कळत नाही, भाऊ," ते सांगायचे. "हाताला उशीर होतो. खांद्याला आधी कळतं. खांदा उचलला, की समजायचं." म्हणूनच रॉक कार्यक्रमात सगळे गाणाऱ्याच्या मागे धावत असताना हे ड्रमरच्या खांद्यावर नजर लावून बसायचे. ठोका पडायच्या आधीचा तो क्षण ते पकडत. त्या फोटोत हात वर थांबलेला असतो, केस हवेत असतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की आता कानठळ्या बसणार. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "फोटो बघून माणसाचा हात कानावर गेला पाहिजे. नाहीतर तो फोटो फक्त केसांचा."

आमचा बँड पुण्याला एका स्पर्धेत गेला आणि अर्थातच पहिल्या फेरीत आपटला. पण आमच्यासोबत आलेल्या हनीफभाईंचे फोटो तिथल्या आयोजकांनी बघितले आणि ठेवून घेतले. आम्ही परत आलो. ते एका परीनं परत आलेच नाहीत. पुणे, बंगळूर, गोवा, शिलाँग. परदेशी बँड आले की त्यांचे लोक आधी विचारत, तो कापूसवाला येणार आहे का. गाण्यांच्या अल्बमांवर त्यांचे फोटो झळकले, तिकडच्या मासिकांत छापून आले. इंग्रजी यथातथाच होतं. पण वाजवणाऱ्यांना त्यांच्याशी बोलायची गरजच पडत नसे. फोटो दाखवला की ते नाव विचारायला येत.

एकदा बंगळूरला भर कार्यक्रमात वीज गेली. गिटारी मुक्या झाल्या. ड्रमर मात्र थांबला नाही, अंधारात वाजवतच राहिला. बाकी फोटोग्राफरांनी कॅमेरे खाली घेतले. हनीफभाईंनी तेव्हाच वर उचलला. कुणीतरी सिगारेट पेटवली, तेवढ्या उजेडात त्यांनी ड्रमरच्या खांद्याची एक कड टिपली. अख्ख्या फोटोत फक्त एक उजळ रेघ, आणि तरी तो माणूस जीव तोडून वाजवतोय हे दिसतं. लोकांनी विचारलं, हे जमलं कसं? हनीफभाई म्हणाले, "आमच्या धुळ्यात लाइट गेली म्हणून लग्न थांबत नाही."

आणि हा माणूस राहायचा पिंप्राळ्यात, माझ्या दुकानामागच्या गल्लीत! गल्लीला वाटायचं, हनीफभाई बाहेरगावच्या लग्नांचे फोटो काढतात. बायका आपल्या पोरांना पासपोर्ट फोटोसाठी घेऊन येत. हनीफभाई पोराला स्टुलावर बसवत आणि त्यालाही तेवढाच वेळ देत, जेवढा त्या लांब केसवाल्यांना. एकदा तसला एक गोंदवून घेतलेला, नथ घातलेला गोरा गिटारवाला त्यांना भेटायला थेट घरी आला. गल्ली लोटली. भाभींनी त्याला भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी काढलं, तरी त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं. निघताना गनीचाचांनी त्याच्या हातावर कापसाचे दोन बोळे ठेवले. "कानमा घाल, बेटा. कापूस शे हाऊ. बठ्ठा आवाज पी टाकस." कापूस सगळा आवाज पिऊन टाकतो, हे मी त्याला खुणेनं सांगितलं. त्यानं ते तिथल्या तिथे कानांत घातले आणि वाकून चाचांना हात जोडले.

तो कापूस म्हणजे त्या घरातला नेम होता. हनीफभाई पहिल्यांदा पुण्याला निघाले, तेव्हा स्पीकरांच्या भिंतीपुढे उभं राहायचंय हे कळल्यावर चाचांनी निवडक कापूस घेतला, तो पुन्हा पुन्हा पिंजला आणि दोन बोळे करून दिले. पुढे प्रत्येक दौऱ्याला ते ताजे बोळे पिंजून देत. बाकीचे फोटोग्राफर कानांत रबराच्या गुंड्या घालत. हनीफभाई त्यांना हसायचे. "पिंजाऱ्याच्या पोराला रबर विकता काय?"

ते हसणं केवढी चूक होती, ते माझ्या दुकानात कळलं. हनीफभाई स्टुलावर बसून चहा पीत होते आणि त्यांच्या पाठीमागे मी एक मोटार चालू करून बघितली. तिचं बेअरिंग गेलेलं. ती अशी किंचाळली की समोरच्या दुकानातला माणूस शिव्या देत बाहेर आला. हनीफभाई शांतपणे बशीत चहा ओतत होते. मी मोटार बंद केली. त्यांनी वर बघितलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, "काय झालं?"

जळगावात कुणाला कळू नये म्हणून मी त्यांना धुळ्याला घेऊन गेलो. देवपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. एक कान जवळजवळ गेलेला, दुसरा त्याच वाटेवर, चिरके आवाज तर दोन्हींत पोचतच नव्हते. त्यांनी विचारलं, इतकी वर्षं एवढ्या आवाजात काम करताना कानांत काही घालत नव्हता का? हनीफभाईंनी मोठ्या तोऱ्यात काळी डबी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी बोळा हातात घेतला. त्या भल्या होत्या, त्यांनी आवाज खाली आणला, मग लक्षात आलं म्हणून पुन्हा मोठा केला. "कापूस गार वाऱ्याला ठीक असतो हो. असला आवाज त्यानं अडत नाही. तो सरळ आत जातो."

मला वाटलं, आता हे फुटतील. पण ते फक्त डबीचं झाकण लावत राहिले. ते नीट बसलेलं असूनही पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे अब्बांना कळता कामा नये."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला समजावलं, एकाही शब्दावर जोर न देता. फोमच्या गाद्या आल्या आणि अब्बांचा धंदा बसला. पिंजण भिंतीला लागलं. आता ते खाली उतरतं ते फक्त माझ्या कानांसाठी. म्हातारा त्यासाठी उठून बसतो. त्याला कळलं की त्याच्या कापसानं काहीच अडवलं नाही, आणि त्याच्यावर विसंबून पोराचे कान गेले, तर तो त्या दिवशीच संपेल. "माझे कान जायचे ते गेले, भाऊ. अब्बांचं पिंजण बंद पडायला नको."

त्यानंतर हनीफभाई आधी रबराच्या गुंड्या घालत आणि त्यांच्यावरून अब्बांचा कापूस. काम सोडलं नाही. उरलंसुरलं ऐकू येणंही हळूहळू गेलं. मला तर मनापासून भीती वाटत होती की आता फोटोही जाणार. उलट झालं, आणि ते माझ्या बुद्धीपलीकडचं आहे. पहिल्या गाण्याला फळीवर ठेवलेल्या तळहातातून त्यांना ठेका कळायचा, पुढचं सगळं खांदे सांगायचे. त्या काळातले त्यांचे फोटो आधीच्यांपेक्षा जास्त दणदणीत आहेत. ऐकू न येणारा माणूस आवाजाचे फोटो काढत होता आणि वाजवणाऱ्यांना पत्ता नव्हता. मी त्यांच्यासोबत दोन-तीनदा गेलो, केवळ हे डोळ्यांनी बघायला. मला भीतीच वाटली त्या माणसाची.

मग बंगळूरच्या एका बँडनं ठरवलं की हनीफभाईंच्या गावात वाजवायचं. जळगावच्या एका कॉलेजचं मैदान घेतलं. गनीचाचा तोवर नव्वदीला टेकलेले. कान मात्र शाबूत, गल्लीतली कुजबुजही त्यांना ऐकू यायची. ते म्हणाले, "मी बी येसू. पोऱ्या काय करस ते एक डाव देखू दे."

आणि त्यांनी चार बोळे पिंजले.

"चार?" हनीफभाईंनी विचारलं.

"दोन तुले, दोन माले."

चाचा स्वतःच्या कापसाचे बोळे कानांत घालून स्पीकरांपुढे बसले, तर पहिल्याच ठोक्याला त्यांना सगळं कळणार होतं. आम्ही नाना कारणं सांगितली. धूळ असते, गर्दी असते, मागे खुर्च्या चांगल्या आहेत. चाचा बधले नाहीत. "दूर बसाडशी ते काय देखसू मी?" हनीफभाईंनी मला बाजूला घेतलं. "पहिलं गाणं सुरू होताच अब्बांना उचला आणि चहाच्या गाडीकडे न्या. काहीही करा, पण न्या."

संध्याकाळी उन्हं कलताना कार्यक्रम सुरू झाला. चाचा स्टेजच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत, पांढरी टोपी, धुतलेला कुडता, दोन्ही कानांत कापूस. आधी बेस गिटारचा एकटा सूर आला. चाचांचा चेहरा उजळला. "आपलं पिंजण!" ते मला ओरडून म्हणाले. मी त्यांच्या दंडाला हात घातला, "चाचा, चला, चहा घेऊ." त्यांनी खुर्ची घट्ट धरली. तेवढ्यात ड्रम सुरू झाले.

पहिल्या ठोक्याला त्यांचे खांदे कानांपर्यंत उडाले. दुसऱ्यालाही. त्यांचा हात कानाकडे गेला, त्यांनी एक बोळा काढला, डोळ्यांपुढे धरला आणि दोन बोटांत उसवून बघितला. नीट पिंजला गेलाय की नाही ते बघत असावेत. मी खाली बघितलं. माझ्यानं त्यांच्याकडे बघवेना. थोड्या वेळानं मान वर केली, तर बोळा परत कानात होता आणि ते समोर, फळीवर तळहात ठेवून उभ्या असलेल्या आपल्या पोराकडे बघत होते. दुसऱ्या गाण्यात एकदा हनीफभाईंनी मागे वळून आमच्याकडे तोंड केलं; मागे स्टेजचे दिवे होते, नुसती आकृती दिसली. अब्बा अजून उठले कसे नाहीत, म्हणून माझ्यावर चिडले असणार, असं मला वाटलं. कार्यक्रम संपेपर्यंत चाचा तिथंच बसून राहिले, आणि प्रत्येक ठोक्याला त्यांचे खांदे उडत राहिले, हात कानाकडे निघून परत खाली येत राहिला.

मैदान रिकामं झालं. हनीफभाई आले आणि अब्बांपुढे उकिडवे बसले, अब्बांचे ओठ नीट दिसावेत म्हणून.

"कानले तरास व्हयना का रे?" चाचांनी विचारलं.

"नही, अब्बा," हनीफभाई म्हणाले. "तुमना कापूस बठ्ठा आवाज पी गया."

चाचांनी त्यांची हनुवटी धरली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "माले बी काही ऐकाले नही उनं."

रिक्षातून चाचांना घरी सोडायला मी गेलो. दारात त्यांनी माझं मनगट पकडलं. "तेना खिसामा रबरना बोळा देखेल शेतस मी. वापरस ना तो?" मी मान डोलावली. "मंग झालं. माले ऐकू उनं, हाई हनीफले सांगू नको." म्हणजे आवाज ऐकू आला, हेही लपवायचं. झालं! बापाचं गुपित पोरापासून आणि पोराचं बापापासून, आणि मधे मी मोटारी दुरुस्त करणारा. पण दोघांनाही शब्द दिला होता, आणि तो मी पाळला. चाचा त्यानंतरही प्रत्येक दौऱ्याआधी पिंजण खाली उतरवत राहिले. कशाचाही उपयोग नाही हे ठाऊक असलेला माणूस ज्या निगुतीनं तो कापूस पिंजायचा, ते बघितल्यापासून मी माझ्या कामात हयगय करायला धजलो नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. हनीफभाईंनी काम थांबवलं. मी एका कागदावर लिहून विचारलं, का? ते म्हणाले, "कानात काय घालून जाऊ?" मग सुरतला दिलेली त्यांची मुलगी म्हणाली, इकडेच या. त्यांनी जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी ते दुकानात आले, नेहमीच्या स्टुलावर बसले, नेहमीसारखा बशीतून चहा प्याले. उठताना एक मोठा लिफाफा माझ्यापुढे ठेवला. आत फोटो होता. त्या संध्याकाळचा. त्यात स्टेज नाही, गिटारवाला नाही. प्लास्टिकच्या खुर्चीतला एक म्हातारा आहे, डोळे घट्ट मिटलेले, खांदे कानांना भिडलेले, कानाकडे निघालेला एक हात. शेजारी तोंड वासून उभा असलेला मी.

म्हणजे ते तेव्हा चिडून वळले नव्हते. आणि थोड्या वेळानं अब्बांपुढे उकिडवे बसून बोलले, तेव्हा हा फोटो त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यात होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. त्यांनी माझे ओठ वाचले.

"खांदा दिसला ना, भाऊ," ते म्हणाले. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षात जाऊन बसले.

मी पुन्हा फोटोकडे बघितलं. दुकानात तेव्हा एकही मोटार चालू नव्हती, आणि माझा हात कानावर होता.